'माउस' ही आर्ट स्पीगलमनची ज्यूंच्या नरसंहारावरची चित्रकादंबरी आवडली, तर या अमेरिकन चित्रकथाकाराचं 9/11 वरचं पुस्तक घ्यावं का?

घ्या, पण दुसरं 'माउस' म्हणून घेऊ नका. मी घेतलं आणि तोंडावर आपटलो.

'इन द शॅडो ऑफ नो टॉवर्स', 2004 चं. तान्ह्या पोरांच्या पुस्तकांना असतात तशी जाड पुठ्ठ्याची पानं, 14 इंचांच्या आसपास उंची. स्पीगलमनची स्वतःची चित्रपानं मोजून दहा. मागे शंभरेक वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांतल्या जुन्या चित्रमालिका. दादा शेजारीच होता. "दहाच पानं? बाकी नुसती भरती?" मी पुस्तकाची बाजू घेतली, पण आतून मलाही फसल्यासारखं वाटत होतं.

मग त्याने ते चाळलं आणि खरं भांडण पेटलं. त्याचं म्हणणं, जवळपास तीन हजार माणसं गेली आणि हा बाबा स्वतःची सिगारेट, स्वतःची घाबरगुंडी काढत बसलाय. मी म्हटलं, अरे, त्याच्या मुलीची शाळा वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टॉवरपासून जवळच होती, नवराबायको तिला आणायला धावले होते. बाप घाबरणार नाही तर काय? "मग डायरीत लिहावं, छापायचं कशाला?" यावर मी गप्प बसलो. त्याचा राग अजून आहे.

आज मी दादाला सांगेन, त्या दिवसाचा अर्थ सांगायला सगळेच पुढे आले होते, त्याचाच दाखला देत देत 2003 मध्ये इराकवर युद्धही झालं. त्यात एकाने 'माझी टरकली होती' हे छापलं, तर बिघडलं कुठे? ही पानं छापायला अमेरिकेतली बडी नियतकालिकं बिचकली. जर्मनीत 'डी त्साइट' या साप्ताहिकाने ती छापली.

कोसळायच्या आधीच्या क्षणी उत्तरेकडच्या टॉवरचा सांगाडा निखाऱ्यासारखा धगधगतोय, हे चित्र पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. बातम्यांतल्या फोटोंत मला ते कधी दिसलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी पुस्तकाला बाकी सगळं माफ केलं. बरं, सगळं नाही. बुशवर काढलेला राग आज शिळा वाटतो, आणि काही पानांवर इतकी गर्दी आहे की नजर कुठे ठेवावी कळत नाही.

जुन्या चित्रमालिकांचं कोडं मला उशिरा उलगडलं. पुलित्झरच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राची कचेरी न्यूयॉर्कच्या पार्क रो या रस्त्यावर, म्हणजे टॉवरच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर होती. ही चित्रं त्याच गल्ल्यांतून निघाली, आणि तीही दुसऱ्या दिवशी रद्दीत जाण्यासाठी. टॉवर पडल्यावर स्पीगलमनला आधार वाटला तो याच रद्दीचा. दादाला हे पटत नाही. भरती ती भरतीच, म्हणतो.

हो, आणि जमलं तर आधी वाचनालयातून आणून बघा. वाचताना टेबलावर आडवं ठेवा. अंथरुणात पडून वाचायला गेलात तर कोपरा नाकावर बसतो. माझी प्रत गेलं वर्षभर दादाकडेच आहे. दोनदा मागितली, "थांब, अजून बघतोय" म्हणाला.