सोरायसिसच्या गोळ्यांचे दुष्परिणाम वाचून धीर होत नाही. गोळ्या घ्याव्यात की नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोपर, गुडघे, पाठ आणि डोकं चट्ट्यांनी भरलंय, मलमं झाली, किरणोपचार झाले, आता डॉक्टर म्हणतात मेथोट्रेक्सेट नाहीतर ॲप्रेमिलास्ट, यातलं एक सुरू करू, आठवडाभरात ठरवून सांगा. तुम्ही खोक्यातला घडीचा कागद वाचलात आणि झोप उडाली. घरचे म्हणतात, "चट्ट्यांनी कोणी मरत नाही, लिव्हर गेलं की माणूस जातो."

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. माझ्या दादाने मला हेच ऐकवलं होतं आणि मी ते मानलं होतं.

मी चित्रकला शिकवते. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोकाचं पेर वाकत नाही. पेन्सिल आता मधल्या बोटावर तोलून धरते. जमतं, पण बारीक रेघ पूर्वीसारखी येत नाही. हे बोट गोळी वेळेवर न घेतल्यामुळे गेलं.

मला पहिल्यांदा मेथोट्रेक्सेट लिहून दिलं तेव्हा मी ३१ वर्षांची होते. चट्टे अंगाच्या १० टक्क्यांहून जास्त भागावर होते (बोटांसकट आपला तळवा म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, असं मोजतात). नखांवर अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी नखं उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? आखडायची, चांगला पाऊण तास. मी समजत होते, दिवसभर ब्रश धरून दमत असतील. त्यांनी सांगितलं की सोरायसिसवाल्या दहांतल्या दोन-तीन जणांचे सांधेही धरतात, आणि नखांवरचे खड्डे ही त्याची आधी दिसणारी खूण असू शकते. आठवड्यातून एकदा गोळी, जोडीला फॉलिक ॲसिड, आणि ठरलेल्या तारखांना रक्त. बाई घाईत नव्हत्या, सगळं नीट समजावलं होतं. मीच घरी येऊन डळमळले.

घरी दादाने तो कागद हातात घेतला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, बाबा गेल्यावर घर त्यानेच सांभाळलं, आणि त्याचा माझ्यावर जीव आहे, हे आधीच सांगते. त्याने लाल पेनने ओळी अधोरेखित केल्या. लिव्हर कडक होणं. अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्तपेशी बनवणारा गर, दबणं. फुप्फुसाला सूज. आणि सर्वांत वर, कॅन्सरवरचं औषध. मग तो कागद फ्रिजवर चिकटवला. "कातडीसाठी कोणी कॅन्सरची गोळी घेतं का गं?" रोज पाणी प्यायला गेले की त्या लाल रेघा दिसायच्या. गोळ्यांची पट्टी मी न फोडता कपाटात ठेवून दिली.

त्या कागदावर खोटं काहीच नव्हतं. पण किती डोसला, किती जणांना, किती काळाने, आणि बिघडायच्या आत कळतं की नाही, हे विचारल्याशिवाय तो कागद वाचण्यात अर्थ नाही. कॅन्सरमध्ये हेच औषध कधी कधी ग्रॅमच्या हिशेबात शिरेतून देतात. सोरायसिसला आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. नाव एक, काम वेगळं. आणि ही कालपरवाची टूमही नाही. संधिवातासाठी दिलेल्या अमिनोप्टेरिनने सोरायसिसचे चट्टे विरतात, हे १९५१ मध्ये नोंदलं गेलं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड.

लिव्हरचं नुकसान होतं तेव्हा ते बहुतेक हळूहळू, वर्षानुवर्षांत होतं, आणि ज्यांना मधुमेह आहे, वजन फार आहे किंवा जे दारू पितात त्यांना धोका जास्त. पूर्वी ठरावीक एकूण डोस पोटात गेला की लिव्हरचा तुकडा काढून तपासायचे. आता बऱ्याच ठिकाणी रक्त आणि इलॅस्टोग्राफीवर, म्हणजे एक प्रकारच्या सोनोग्राफीवर, भागतं. अस्थिमज्जेचं तसं नाही. ते क्वचित होतं पण झटकन होऊ शकतं, म्हणून सुरुवातीला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वरचेवर करतात. तोंड आलं, घसा दुखून ताप आला, विनाकारण काळेनिळे डाग उठले, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना कळवायचं. कोरडा खोकला आणि धाप लागली तरी तेच. एवढं मला कोणी फ्रिजवर लावून दिलं असतं तर उपयोग झाला असता.

मी गोळी घेतली नाही आणि तीन वर्षं काढली. त्यातली पहिली दोन-अडीच मलमांवर. मग दादाच्या ओळखीतल्या एकाने पुड्या दिल्या. नैसर्गिक आहे म्हणाला. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, दुष्परिणामांचा कागद तर नाहीच. तीन आठवड्यांत चट्टे फिके पडले, महिन्याभरात कोपर स्वच्छ. दादा इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या हाताने फ्रिजवरचा कागद काढून टाकला. मीही खूश होते. कित्येक वर्षांनी अर्ध्या बाह्या घातल्या.

पाच महिन्यांत चेहरा गोल झाला, मांड्यांवर जांभळट रेघा उमटल्या. मग पुड्या संपल्या आणि तो माणूस फोन उचलेना. दहा-बारा दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत अंग लाल झालं. चट्टे असे उरलेच नाहीत, सगळी कातडीच पेटलेली. दोन पांघरुणांत थंडी वाजत होती, कारण अशी कातडी अंगातली ऊब धरून ठेवत नाही. पावलं सुजली. नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. तिथल्या डॉक्टरांनी पुडी तपासायला पाठवली नाही, शिल्लकच नव्हती. पण चेहरा, रेघा आणि हा भडका पाहून त्यांचं मत पक्कं होतं: पुडीत स्टेरॉइड होतं. पोटातून स्टेरॉइड घेऊन ते अचानक सुटलं की सोरायसिस असा उसळू शकतो, अंगभर पू भरलेल्या पुळ्याही येऊ शकतात. म्हणून सोरायसिसला ते पोटातून द्यायला त्वचारोगतज्ज्ञ इतके कचरतात.

त्याच नऊ दिवसांत कोणीतरी माझ्या बोटाकडे पाहिलं. तर्जनी मुळापासून टोकापर्यंत सुजून गोल झाली होती. बाकीच्या गडबडीत मीच तिकडे दुर्लक्ष केलं होतं. एक्स-रेमध्ये टोकाच्या सांध्याचं हाड कुरतडलेलं दिसलं. कातडी पुन्हा भरून आली, बोट तसंच राहिलं.

आधी सायक्लोस्पोरिन दिलं, कारण ते लवकर लागू पडतं. दर पंधरवड्याला रक्तदाब आणि क्रिएटिनिन, कारण ते किडनीवर येतं. सहसा एका वर्षाच्या वर सलग ठेवत नाहीत. चार महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवर आले, तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या त्याच गोळीवर. आता सहा वर्षं झाली, आठवड्याला १५ मिलिग्रॅम. पहिले दोन महिने दुसऱ्या दिवशी मळमळायचं, अंग गळून जायचं. फॉलिक ॲसिडचा डोस बदलून आणि गोळी रात्री घेऊन ते बरंच कमी झालं. अजूनही महिन्यातून एखादा दिवस वाया जातो, तो मी धरूनच चालते.

एकदा एसजीपीटी, म्हणजे रक्तात मोजतात ते लिव्हरचं एन्झाइम, दुप्पट आलं. मी रडले, दादाने जेवण सोडलं. डॉक्टरांनी फक्त विचारलं, रक्त कधी दिलं होतं? गोळीच्या दुसऱ्याच दिवशी दिलं होतं. गोळीनंतर एक-दोन दिवस एन्झाइम तात्पुरती वाढलेली दिसू शकतात, म्हणून रक्त पुढच्या डोसच्या जवळ, निदान पाचेक दिवस गेल्यावर द्यायचं. पुन्हा दिलं, ठीक आलं. हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून लिहून ठेवा.

दादा आजही म्हणतो, "पुडीवाला खोटा निघाला म्हणून तुझी गोळी खरी ठरत नाही." बरोबर आहे त्याचं. पण दादा, तू ज्या कागदाला भ्यालास तो कागद म्हणजे कोणीतरी केलेली मोजणी होती. हजारो माणसांना गोळी देऊन, त्यांना काय काय झालं ते टिपून ती यादी झाली आहे. पुडीला यादी नव्हती कारण पुडी घेणाऱ्यांचं काय झालं हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि माझ्या बोटाची यादी तर कुठल्याच खोक्यात नव्हती. तू औषधाचे धोके लाल पेनने मोजलेस, आजाराचे मोजायचे राहिले. तुमच्या घरच्यांनाही मला हेच सांगायचं आहे. चट्ट्यांनी कोणी मरत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर ते नऊ दिवस काढायला हवे होते.

तुमचं मेथोट्रेक्सेट की ॲप्रेमिलास्ट हे राहिलंच. ॲप्रेमिलास्ट मी स्वतः घेतलेलं नाही. ते २०१४ पासून वापरात आहे, लिव्हर-मज्जेची भीती त्यात नाही, बहुतेकांना नेहमीच्या रक्ततपासण्याही लागत नाहीत. सुरुवातीचे दोन-चार आठवडे जुलाब, मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, म्हणून पहिल्या पाच दिवसांत डोस चढवत नेतात. काहींचं वजन उतरतं. काहींचं मन खचतं, ते अंगावर काढू नका, आधी कधी डिप्रेशन झालं असेल तर सुरू करण्यापूर्वीच सांगा. पण त्याची ताकद कमी. मुख्य चाचणीत १६ आठवड्यांनी चट्टे ७५ टक्के तरी ओसरले ते साधारण तिघांतल्या एकाचे. माझं मत विचाराल तर बोटं आखडत नसतील, लिव्हर आधीच नाजूक असेल किंवा दारू सुटत नसेल, तर ॲप्रेमिलास्टचा विचार करा. बाकी माणसाने मेथोट्रेक्सेटला घाबरून वर्षं घालवू नयेत. तुमच्या डॉक्टरांना तुमचे रिपोर्ट दिसतात, मला दिसत नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, तो पट्टीवर लिहा, घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. सुरू करण्याआधी कावीळ बी आणि सी, किडनी, सीबीसी तपासून घ्या. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगा, कारण कोट्रायमोक्साझोलसारखं साधं अँटिबायोटिकही तिच्याबरोबर मज्जेला घातक ठरू शकतं. ती सगळ्यांना पुरते असंही नाही. माझी बाकीची बोटं शाबूत राहिली म्हणून तुमची राहतीलच असं मी म्हणू शकत नाही. काहींना पुढे बायोलॉजिक इंजेक्शनं लागतात.

आणि तुम्ही स्त्री की पुरुष, मूल हवं आहे का, यातलं काहीच प्रश्नात लिहिलेलं नाही. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट अजिबात चालत नाही. बंद केल्यावरही काही काळ थांबावं लागतं, तो किती ते डॉक्टरांकडून नक्की करून घ्या, पुरुष असलात तरी विचारा. ॲप्रेमिलास्टही गरोदरपणात टाळतात. ॲसिट्रेटिन नावाची तिसरी गोळी कोणी सुचवली तर ती थांबवल्यावर बाईला तीन वर्षं गर्भ राहू देता येत नाही.

सकाळी बोटं आखडतात का आणि नखांवर खड्डे आहेत का, तेवढं मला इथे खाली लिहा. असतील तर डॉक्टरांनी दिलेला आठवडा संपायची वाट पाहू नका, उद्याच फोन करून त्यांना सांगा.