क्रूझवर एकटीनं दोघांचं भाडं भरावं का? (आणि सोबत कुणाला न्यावं का?)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय ५४, नवऱ्याला प्रवासाची हौस नाही. डिसेंबरात युरोपातले ख्रिसमसचे बाजार बघायचेत, तिथून परस्पर कॅरिबियन क्रूझ आणि मग पॅसिफिकवरून घरी. क्रूझवाले एकटीकडून दोघांचं भाडं मागतायत, म्हणून घरचे म्हणतायत, पैसे जातातच आहेत तर कुणाला तरी सोबत ने. नेऊ का?

नका नेऊ.

कारण सांगते, पण जरा लांबण लागेल. याच प्रश्नावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

२०२४ साली मी हाच प्रवास केला. मुंबई, जर्मनीतलं न्यूरेंबर्ग, व्हिएन्ना, फ्लोरिडा, जहाज, सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर, मुंबई. पश्चिमेला तोंड करून निघायचं आणि पूर्वेकडून घरात शिरायचं. नवरा ठणठणीत आहे, आमचं भांडणबिंडण काही नाही. त्याला विमानात कान दुखतात आणि परदेशात दुसऱ्या दिवसापासून घरची आमटी आठवते, एवढंच. हे आधीच सांगते, कारण तिकीट काढलं की तुम्हालाही जो तो आवाज उतरवून ‘सगळं ठीक आहे ना गं?’ विचारणार आहे.

तर त्या वर्षी गौरीजेवणाला आमच्या ताई आल्या होत्या. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. बायकांची पंगत बसली होती, मी कटाची आमटी वाढत होते. कुणीतरी क्रूझचा विषय काढला. भाचीला माझ्या फोनवर बुकिंगचा कागद सापडला आणि तिनं मोठ्यानं वाचलं, “मामी, यात माणूस एकच आहे, पण भाडं दोनदा लावलंय.”

झालं. ताईंचा पुरणपोळीचा घास हातातच राहिला. “अगं, म्हणजे दुसऱ्या माणसाचे पैसे भरून झालेत? मग मी येते की! तुला एक पैसा जास्त पडायचा नाही.”

पंगत एकदम खूश. एकटी बाई जायची ती टळली, ताईंची हौस भागली आणि पैसेही वसूल. सासूबाई म्हणाल्या, “गौरीनंच सुचवलं बघ.”

मी भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, “नाही ताई, मला एकटीलाच जायचंय.”

“म्हणजे रिकाम्या खाटेला पाऊण लाख देशील, पण नणंदेला नेणार नाहीस?”

“हो.”

ताई विडा न घेताच उठल्या. भाऊबिजेला आल्या, नवऱ्याला ओवाळलं, माझ्याशी मात्र तांदळाच्या भावाखेरीज एक अक्षर बोलल्या नाहीत. सासूबाईंच्या मते मी हट्टी आहे. नवऱ्याच्या मते मी बरोबर आहे, पण ते त्यानं ताईंसमोर म्हटलेलं नाही.

आता हिशेब, कारण ‘एक पैसा जास्त पडायचा नाही’ हे वाक्य तुमच्याही कानावर येणारच. जाहिरातीत ‘माणशी’ म्हणून जो आकडा असतो, तो एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटीनं केबिन घेतली की दुसऱ्या खाटेचं मूळ भाडं बहुतेक वेळा आपल्याच डोक्यावर. पण दुप्पट होतं ते एवढंच. बंदराचे कर आणि सरकारी शुल्क माणशी असतं, ते एकटीला एकाचंच. खात्यावर आपोआप चढणारी रोजची टिपही माणशी. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर आहे. शिवाय जहाज काही भाऊच्या धक्क्याला लागत नाही. फ्लोरिडापर्यंत पोचायला अमेरिकेचा व्हिसा, विमानाचं तिकीट, हॉटेलं, इन्शुरन्स. त्या ‘फुकट’ खाटेवर झोपायला ताईंना सहज दोन-तीन लाख मोजावे लागले असते, आणि ते कुणी भरायचे यावर आणखी एक पंगत बसली असती.

एकट्यांसाठीच्या केबिनही असतात. २०१० साली सेवेत आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर अशा छोट्या स्टुडिओ केबिन काढल्या, मग इतरांनीही काढल्या. पण त्या थोड्या असतात, लवकर संपतात, खिडकी बऱ्याचदा नसते आणि कधीकधी दोघांच्या साध्या केबिनइतक्याच महाग पडतात. बघा जमलं तर. मी बाल्कनीवाली घेतली.

आता पैसे बाजूला ठेवा. ताईंबरोबर मी आधी युरोपची डिसेंबरातली ग्रुप टूर केली आहे. व्हिएन्नाच्या टाउन हॉलसमोरच्या बाजारात टूर मॅनेजरनं आम्हाला पाऊण तास दिला होता. समोर बर्फावर स्केटिंग चाललंय, झाडांवर दिवे, लाकडी दुकानांतून काचेचे फुगे, मेणबत्त्या, भाजलेल्या बदामांचा वास. आणि ताई प्रत्येक दुकानासमोर थांबून म्हणणार, “हे आपल्या तुळशीबागेत तीस रुपयांना मिळतं.” मग बसमध्ये चकल्या. ताई वाईट नाहीत. आजारपणात माझ्या उशाशी बसल्या आहेत. पण त्यांच्या सोबतीनं बाजार बघायचा म्हणजे बाजार बघायचा नाही.

एकटीनं गेल्यावर न्यूरेंबर्गच्या बाजारात मी काय केलं? एका दुकानासमोर वाटेल तेवढा वेळ उभी राहिले. तिथे सुक्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्या करतात. हातपाय सुक्या फळांचे, डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगवलेले डोळे-ओठ आणि अंगावर शिवलेले कपडे. धुराडं साफ करणारा, डॉक्टर, नवरा-नवरी, पत्ते खेळणारे म्हातारे. दुकानातल्या बाई एकेका बाहुलीची टोपी चिमटीनं सरळ करत होत्या आणि मी बघत होते. कुणी ‘चल’ म्हणालं नाही.

या बाजाराचं उद्घाटनही बघा, जमलं तर. नाताळाआधीचे चार रविवार धरतात, त्यातल्या पहिल्याच्या आधीच्या शुक्रवारी हा बाजार उघडतो. २०२४ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आला. संध्याकाळी साडेपाचला चौकातल्या चर्चच्या सज्जात सोनेरी कुरळे केस आणि मुकुट घातलेली एक तरुण मुलगी येऊन कवितेतून बाजार उघडल्याचं जाहीर करते. ही मुलगी दर दोन वर्षांनी शहरातूनच निवडतात. २०१९ मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील भारतीय वंशाचे होते, त्यावरून तिकडच्या एका उजव्या पक्षाच्या पानावर वाईटसाईट लिहिलं गेलं आणि शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. किसलेल्या बटाट्याचे तळलेले थालीपिठासारखे प्रकार सफरचंदाच्या गराबरोबर देतात, भाजलेले चेस्टनट मिळतात, आल्या-दालचिनीचे केक मिळतात. मसाले घातलेली गरम वाइन मगातून देतात, मगाचे पैसे अनामत घेतात, तो परत दिला की पैसे परत. बिनदारूचंही मिळतं. मी कुठलं प्यायले ते ताईंना कळायची गरज नाही.

आणि एक गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. ‘जहाजावर एकटी पडशील’ म्हणणाऱ्यांनी जहाज पाहिलेलं नसतं. एकटं वाटतं ते बाजारात. सव्वाचारला अंधार पडतो. ऑफिसं सुटली की लोक घोळक्यानं येतात, उभ्या टेबलांभोवती कोंडाळं करतात, हसतात. आपल्या एका हातात मग, दुसऱ्या हातात कागदी बशी आणि ती ठेवायला जागा कुठेच नाही. उपाय साधा: आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराला जायचं, दुकानं तेव्हा बघायची. संध्याकाळी फक्त दिवे बघायला तासभर. हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

जहाजावर उलट. पहिल्याच दिवशी केबिन आवरणाऱ्या मुलानं विचारलं, दुसरे पाहुणे कधी येणार? म्हटलं, येणार नाहीत. तरी रोज रात्री दोन उशा, दोन टॉवेलांचे संच आणि उशीवर दोन चॉकलेटं. दोघांचं भाडं भरलेलं, दोन्ही चॉकलेटं मी खाल्ली. जेवायला ‘मोठ्या टेबलावर बसवा’ असं सांगितलं की बसवतात. आमच्या टेबलावर दोघी सख्ख्या बहिणी होत्या, भाडं वाचावं म्हणून एका केबिनमध्ये. आठवडा संपेपर्यंत त्या टेबलाच्या दोन टोकांना बसायला लागल्या. कारण विचारलं तर धाकटी म्हणाली, बाथरूम. मला ते ताबडतोब आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकावंसं वाटलं, पण जहाजावरचं इंटरनेट महाग असतं. (फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा, जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कवर गेला तर बिल बघून चक्कर येईल.)

जहाजांवर गोवा-कोकणातली मुलं बरीच असतात. बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो, त्यामुळे लगेच कळतं. आमचा वेटर वेंगुर्ल्याचा निघाला. “काकी, तुम्ही खंयच्या?” तिथून पुढे तो मला मेनूत नसलेली डाळ आणून द्यायला लागला. एकदा म्हणाला, एकटे आलेले लोक आमच्याशी बोलतात, घोळका घेऊन आलेले फक्त ऑर्डर देतात. त्याचं घर सुटून बरेच महिने झाले होते, नाताळही बोटीवरच जाणार होता. मी त्याच्याशी रोज मराठीत गप्पा मारल्या. ताई असत्या तर? त्याही मारल्या असत्या, माझ्यापेक्षा जास्तच. मान्य आहे.

बंदरांचं फार मनावर घेऊ नका. बंदरावर जहाजातून हजारो माणसं एकदम उतरतात आणि त्याच चार दुकानांत शिरतात. मला तर सगळे उतरल्यावर रिकाम्या जहाजावर बसायला जास्त आवडलं.

क्रम उलटा करू नका. न्यूरेंबर्गचा बाजार २४ डिसेंबरला उठतो, जर्मनीतले बरेचसे तेव्हाच किंवा आधीच. व्हिएन्नाच्या टाउन हॉलसमोरचा २६ पर्यंत असतो. क्रूझ सर्वांत महाग नाताळ ते नववर्ष या आठवड्यात आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्या मानानं स्वस्त. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो. तेव्हा बाजार उघडले की लगेच बघायचे आणि नाताळची गर्दी व्हायच्या आधी जहाज गाठायचं. विमानासाठी ‘राउंड द वर्ल्ड’ तिकिटं मिळतात: दिशा एकच, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच, वर्षाच्या आत निघाल्या देशात परत. एअर इंडिया ज्यात आहे त्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचंही आहे. सुटी तिकिटं जोडून किती पडतं तेही बघा, कधीकधी ती स्वस्त पडतात.

परतीला पॅसिफिकवर तारीखरेषा लागते, ती ओलांडली की तारीख एकदम एक दिवस पुढे जाते. मी १७ डिसेंबरच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला बसले आणि १९ ला सकाळी सिंगापूरला उतरले. १८ ला संकष्टी होती. सासूबाईंनी विचारलं, उपास केलास का, चंद्रोदय कितीला होता? काय सांगणार! विमानात मिळालं ते खाल्लं.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. मी घरी परतते ना परतते तोच, २० डिसेंबरला, जर्मनीत माग्डेबुर्गच्या बाजारात एकानं गर्दीत गाडी घातली, माणसं मेली. ताईंचा गौरीनंतरचा पहिला फोन तेव्हा आला. “पोचलीस ना?” एवढंच विचारलं आणि ठेवला. तेव्हा धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. पण सोबत नणंद असती तर तो कमी झाला असता, असंही नाही. दुसरं, जहाजावरचा डॉक्टर फार महाग असतो, तेव्हा क्रूझ आणि जहाजावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरणारा इन्शुरन्स घ्या. गुडघे, शुगर, रात्री एकटीला झोप न लागणं, यातलं काही असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि सोबत न्या. मात्र ती तुम्ही निवडलेली असू दे, पंगतीनं ठरवलेली नको.

आता कपडे. जाड लोकरी कोट घेऊ नका, फ्लोरिडात तो कडेवरच्या पोरासारखा वागवावा लागतो. थर्मल, फ्लीस आणि पिशवीत मावणारं पातळ, पिसं भरलेलं डाउन जॅकेट. थंडी दगडी चौकातून तळव्यांतून चढते, म्हणून जाड तळाचे बूट आणि लोकरी मोजे, तिथे काटकसर नको. शाल घ्याच, जहाजातला एसी न्यूरेंबर्गपेक्षा वाईट. चहाची किटली घरी ठेवा, बहुतेक जहाजांवर किटली आणि इस्त्री तपासणीत काढून घेतात. वर बुफेत गरम पाणी असतंच.

व्हिसा: शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच), अमेरिका, सिंगापूर. जहाज फ्लोरिडातून निघून फ्लोरिडातच परत येतं, म्हणजे अमेरिकेत पुन्हा शिरावं लागतं, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. जहाज मेक्सिकोला लागणार असेल तर अमेरिकेच्या चालू व्हिसावर तिथे वेगळा लागत नाही, बाकी बेटांचं क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात, म्हणून सुरुवात तिथून करा. आणि तो पासपोर्ट हातात पडेपर्यंत घरात बुकिंगचा कागद कुणाला दाखवू नका.