कन्व्होल्यूशनमध्ये संकेत उलटा का करतात?

प्रश्न : मी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ या विषयातील कन्व्होल्यूशनची, म्हणजे आत येणारा संकेत (सिग्नल) आणि यंत्रणेचा प्रतिसाद यांवरून बाहेर येणारा संकेत काढण्याची, गणिते मला सुटतात. मात्र दोनपैकी एक संकेत आधी उलटा करायचा आणि मग सरकवत न्यायचा, हे कशासाठी, ते उमगत नाही. प्रत्यक्षातले कोणते सर्किट आत येणारा संकेत उलटा करते?
– एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : कोणतेच करत नाही, आणि म्हणूनच तुमची शंका रास्त आहे. जुन्या इमारतीच्या रिकाम्या जिन्यात उभे राहून एकदाच टाळी वाजवा. टाळी क्षणात संपते, पण जिना तिला आणखी थोडा वेळ घुमवत ठेवतो. ती क्षणिक टाळी म्हणजे इम्पल्स आणि मागे रेंगाळणारा घुमारा म्हणजे त्या जिन्याचा इम्पल्स रिस्पॉन्स. समजा, हा घुमारा दर ठोक्याला 1, 1/2, 1/4 असा ओसरतो आणि मग थांबतो. आता तुम्ही लागोपाठच्या तीन ठोक्यांना अनुक्रमे 2, 3 आणि 1 एवढ्या जोराने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या टाळीच्या क्षणी कानावर काय पडेल? पहिली टाळी तोवर दोन ठोके जुनी झालेली असल्यामुळे तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 0.5, उरला आहे. दुसरीचा निम्मा, म्हणजे 1.5, आणि तिसरी ताजी असल्याने पूर्ण 1. एकूण 3. सर्वांत आधीच्या टाळीला घुमाऱ्यातला शेवटचा आकडा लागू झाला आणि सर्वांत नंतरच्या टाळीला पहिला. जी आधी वाजली तिचे वय जास्त, एवढाच त्याचा अर्थ. संकेत जिन्याने उलटवला नाही. वयाचा हिशेब एका ओळीत मांडताना तो आपल्याला उलटा लिहावा लागतो.

आमच्या वेळी आलेखवहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापून हे करत असू. एका पट्टीवर 2, 3, 1 आणि दुसरीवर 1/4, 1/2, 1 लिहायचे, दुसरी पट्टी पहिलीखालून डावीकडून उजवीकडे एकेक घर सरकवायची आणि समोरासमोर आलेल्या आकड्यांच्या गुणाकारांची बेरीज करायची. उत्तर 2, 4, 3, 1.25, 0.25 असे येते. त्याची पडताळणीही सोपी आहे : टाळ्यांची बेरीज 6, घुमाऱ्याची 1.75 आणि दोहोंचा गुणाकार 10.5, उत्तरातील पाच आकड्यांची बेरीजही तेवढीच भरली पाहिजे. परीक्षेत ही पडताळणी पानाच्या कोपऱ्यात अवश्य करावी, कारण बेरजेतली चूक बहुधा तेथेच सापडते.

हा सारा हिशेब दोन अटींवर उभा आहे. निरनिराळ्या टाळ्यांचे घुमारे एकमेकांना न बिघडवता नुसते मिसळले पाहिजेत आणि जिना सकाळी जसा घुमतो तसाच संध्याकाळीही घुमला पाहिजे. मंडपातल्या ध्वनिवर्धकाचा आवाज तो फाटेपर्यंत वाढवला की पहिली अट मोडते, आणि मग इम्पल्स रिस्पॉन्स कितीही अचूक मोजलेला असला तरी त्यावरून बाहेर येणारा आवाज काढता येत नाही.

प्रश्न : मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत आमच्या घरातला पंखा उलटा फिरताना दिसतो. मुलगी त्याला ‘एलियासिंग’ म्हणते आणि हाच प्रकार आवाजातही होतो असे सांगते. हे खरे आहे का?
– एक पालक, परळ

उत्तर : दोन्ही खरे आहे. तीन सारखी पाती असलेला पंखा सेकंदाला 10 फेरे घेत असेल आणि कॅमेरा सेकंदाला 30 चित्रे टिपत असेल, तर दर चित्रागणिक एक पाते नेमके पुढच्या पात्याच्या जागी येते आणि पंखा थांबल्यासारखा दिसतो. वेग किंचित कमी, म्हणजे 9.5 फेरे झाला, तर पाते त्या जागेच्या थोडे अलीकडेच राहते आणि डोळ्यांना पंखा दोन सेकंदांत एक फेरा या गतीने मागे जाताना भासतो.

आवाजाचे नमुने घेताना, म्हणजे ठरावीक अंतराने त्याचे माप टिपतानाही, हाच घोटाळा होतो. संकेतातील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले नाहीत, तर वरच्या वारंवारता खालच्यांचा वेष घेऊन येतात. पारंपरिक डिजिटल टेलिफोनमध्ये सेकंदाला 8000 नमुने घेतात, म्हणजे मर्यादा 4000 हर्ट्‌झची. तरीही बोलणे सुमारे 3400 हर्ट्‌झपर्यंतच ठेवतात, कारण वरच्या वारंवारता अडवणारा कोणताही खरा फिल्टर सुरीने कापल्यासारखा एका जागी थांबत नाही, त्याला उतरायला जागा लागते. हा फिल्टर नमुने घेण्याआधीच लावावा लागतो. 5000 हर्ट्‌झचा सूर एकदा 3000 हर्ट्‌झचा होऊन नमुन्यांत शिरला, की खऱ्या 3000 हर्ट्‌झच्या सुरापासून त्याला वेगळे काढण्याची कोणतीही खूण उरत नाही. प्रयोगशाळेत नमुने घेऊन झाल्यावर संगणकात फिल्टर लावणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

प्रश्न : संकेताची लहरींत फोड करणारी फूरिये, लाप्लास आणि झेड ही तीन गणिती रूपांतरे वेगवेगळी का शिकावीत?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : फूरिये रूपांतर संकेताची फोड कायम एकाच उंचीने डोलणाऱ्या लहरींत करते. स्विच दाबल्याबरोबर सर्किटमध्ये जे उसळते आणि ओसरते, त्यासाठी वाढत्या आणि विरत्या लहरीही हव्यात. त्या लाप्लास पुरवतो. संकेत सलग नसून नमुन्यांचा असेल, तर तेच काम झेड करते. आधी लाप्लास नीट बसवा. झेडला मग फार वेळ लागणार नाही.