रिझर्व्हॉयर म्हणजे जलाशयच का?

ऐरोलीच्या एका समुपदेशक ताईंनी विचारलंय: एचआयव्ही रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात 'व्हायरल रिझर्व्हॉयर'चं 'विषाणूंचा जलाशय' आणि 'इम्यून ॲक्टिव्हेशन'चं 'प्रतिकारशक्ती जागृत होणे' असं झालंय. चालेल का?

जलाशय नको. नवी मुंबईकराला त्यावरून मोरबे धरण आठवणार, आणि ते भरलं की आपल्याकडे फक्त पेढे वाटायचे बाकी राहतात. इथे मामला विषाणू ज्यांत दडून बसतो त्या अगदी मूठभर पेशींचा आहे. नियमित औषधं घेणाऱ्याच्या शरीरात, पुन्हा वाढू शकेल असा विषाणू बाळगणारी पेशी विश्रांतीतल्या 10 लाख सीडी-4 पेशींमागे (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या पेशी) साधारण एखादीच सापडते.

गंमत म्हणजे व्युत्पत्ती मात्र चपखल बसते. 'आशय'मध्ये संस्कृत 'शी' धातू आहे, म्हणजे निजणे. पाणी जिथे निजतं तो जलाशय. मूत्राशय, गर्भाशय त्याच घरचे. विषाणूही पेशीच्या डीएनएत स्वतःची जनुकं घुसवून निजूनच असतो. संधी केला तर 'विषाण्वाशय' होईल! पण तो रुग्णासमोर वाचून दाखवताना तुमचीच जीभ अडखळेल.

'साठा' सोपा आहे, पण फसवा. 'व्हायरल लोड सापडतच नाही म्हणालात, मग साठा कुठून आला?' असं कोणीही विचारेल, आणि बरोबरच विचारेल. लोड रक्तात फिरणाऱ्या विषाणूचा मोजतात, निजलेल्याचा नाही. म्हणून मी 'दडलेले विषाणू' म्हणेन. औषधं वाढणाऱ्या विषाणूला अडवतात, दडलेल्याला ती गाठू शकत नाहीत. त्यामुळे गोळ्या थांबल्या की बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा रक्तात दिसू लागतो. गोळ्या का सोडायच्या नाहीत, ते या शब्दातूनच कळतं.

दुसरा शब्द जास्त घातक. मराठीत 'जागृत' म्हणजे चांगलंच. देवस्थानसुद्धा जागृत असतं. 'प्रतिकारशक्ती जागृत' वाचून रुग्ण खूश होईल. प्रत्यक्षात एचआयव्ही आतड्याच्या अस्तराला इजा करतो, तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणेला उसंत मिळत नाही. त्यात चाळवलेल्या सीडी-4 पेशीच विषाणूला जास्त सोयीच्या! औषधांनी हे बरंच निवतं, पण पुरतं विझत नाही, आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढवण्यात त्याचा वाटा असतो.

यासाठी आपल्याकडे 'धुमसणे' आहे. वरून ज्वाळा दिसत नाहीत, आत मात्र धग असते. 'प्रतिकारयंत्रणा धुमसत राहणे' असं लिहा. 'शक्ती' नको, कारण शक्ती वाढली म्हटलं की कोणालाही बरंच वाटतं.

आणि ताई, 'रिझर्व्हॉयर' हा शब्द एकदा कंसात राहू द्या. डॉक्टर तोच उच्चारणार आहेत.