कुलवृत्तांताचं दान: कागद केला, दान राहिलं

प्रश्न: वडील ८६ वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत जमवला: जुने मोडी कागद, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवरून उतरवलेल्या वंशावळी आणि स्वतः लिहिलेलं, अजून न छापलेलं बाड. तीन वर्षांपूर्वी त्यांनी १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘माझ्या पश्चात हे सर्व अमुक संशोधन संस्थेस दान’ असं लिहून नोटरी केलं. ट्रंका घरीच आहेत. मूळ कागद अमेरिकेला नेतो, असं धाकट्या भावाचं म्हणणं आहे. काय करावं?

उत्तर: अशी पत्रं नेहमी येतात आणि बहुतेकांत नोटरीचा शिक्का असतो. या शिक्क्यावर आपल्या लोकांची एवढी श्रद्धा का, कोण जाणे!

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १२२ सांगतं की दान घेणाऱ्यानं ते देणाऱ्याच्या हयातीत आणि देणारा देण्यास समर्थ असतानाच स्वीकारायला हवं. तुमच्या संस्थेला बहुधा या कागदाचा पत्ताही नसेल. म्हणजे हे दान नव्हे. ‘माझ्या पश्चात’ म्हटलंय, तर मृत्युपत्र धरावं का? त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तुम्ही पाठवलेल्या प्रतीवर एकही नाही. नोटरीलाच साक्षीदार धरा, असा युक्तिवाद कोणी करीलही, पण तरी माणूस एकच होतो. उद्या काही झालं तर ट्रंका वारसांत वाटल्या जातील, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाळवी आपला निकाल लावून मोकळी होईल.

तीन वर्षं फुकट घालवलीत, आता तरी थांबू नका. वडील शुद्धीत, सही करण्याजोगे आहेत तोवर ट्रंका संस्थेच्या ताब्यात द्या. जंगम वस्तूचं दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पुरं होतं, नोंदणी लागतेच असं नाही. कागदांची तपशीलवार यादी करा आणि तिच्यावर पदाधिकाऱ्याची ‘स्वीकारलं’ अशी तारखेसह सही घ्या.

बाडाचं मात्र वेगळं आहे. वही दिली म्हणून कॉपीराइट जात नाही. त्यासाठी तो हक्क संस्थेला देत असल्याचा, वडिलांच्या सहीचा स्वतंत्र दस्तऐवज हवा. हक्क किती मुदतीसाठी दिला हे त्यात लिहिलं नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. शिवाय संस्थेनं वर्षभरात तो हक्क वापरला नाही, तर तो संपतो. संस्थांचा वेग पाहता वर्ष म्हणजे काहीच नाही, तेव्हा ‘ही अट लागू नाही’ असं दस्तऐवजात स्पष्ट घाला.

भावाला सांगा, ‘स्कॅन घेऊन जा.’ ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतं, आणि तसं ठरलं तर खासगी माणसानं ते देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. तुमचे सगळेच कागद त्यात बसतील की नाही, हे न बघता सांगता येणार नाही.

मोडी कागद वडिलोपार्जित असतील, तर काका-चुलत्यांचाही हक्क निघू शकतो, त्यांची लेखी संमती घेतलेली बरी. ‘बघून परत देतो’ म्हणून दुसऱ्या शाखांकडून आणलेलं काही ट्रंकेत असेल, तर ते तुमच्या वडिलांचं नाही. ते यादीत न घालता आधी ज्याचं त्याला पोचवा.