हवाई फोटोत टेकडीचा खड्डा का दिसतो?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश तज्ज्ञ सपाट हवाई फोटोंवरून उंचवटे कसे ओळखत?

उत्तर : एका फोटोवरून नव्हे, जोडीवरून. लागोपाठच्या फोटोंत सुमारे ६० टक्के भाग सामाईक ठेवत. इंग्लंडमधल्या मेडमनहॅमच्या फोटो-तपासणी केंद्रात जोडी स्टिरिओस्कोपखाली (प्रत्येक डोळ्याला एकेक फोटो दाखवणाऱ्या दुहेरी भिंगाखाली) ठेवली की धुराडी उभी राहत. डाव्या-उजव्या फोटोंची अदलाबदल झाली, की टेकडीचा खड्डा! सावल्या पाहणाऱ्याकडे पडतील असाच फोटो धरायचा, नाहीतर डोळा फसतो.

फोटोच्या प्रमाणाचं गणित सोपं, भिंगाचं नाभीय अंतर भागिले विमानाची उंची : ३६ इंच म्हणजे ३ फूट, उंची ३०,००० फूट, म्हणजे १:१०,०००. उंची मात्र त्या जमिनीपासूनची धरायची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. नवखे इथेच चुकतात. या प्रमाणात व्ही-१ या जर्मन उडत्या बॉम्बचे ५.३ मीटरचे पंख जेमतेम अर्धा मिलिमीटर! मेडमनहॅमच्या तज्ज्ञ कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ मध्ये पीनमुंड या जर्मन अस्त्र-चाचणी केंद्राच्या फोटोंत तो बॉम्ब हेरला.