सल्लागार समितीवर नव्याने आलेल्या सदस्यास

महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सल्लागार समितीवर आपली निवड झाली, याबद्दल अभिनंदन. मात्र हे पद व्यासपीठावर बसून हार स्वीकारण्याचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या एका निवासी शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. समितीचा कस लागतो तो या शिबिराच्या आखणीत.

शिबिराच्या गावी दोन महिने आधी स्वतः जाऊन यावे. सरपंचांची भेट होतेच. परंतु पिण्याचे पाणी कोठून येते, मुली जेथे राहणार त्या शाळेच्या खोल्यांना आतून कडी आहे का, प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर आहे, हे अंगणवाडी सेविकेकडून अधिक नेमके कळते. एका वर्षी आम्ही गावाला न विचारताच वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचे पाणी अडवणारा माती भरलेल्या पोत्यांचा बांध, बांधायचे ठरवले. पोहोचलो तेव्हा ओढा कोरडा ठणठणीत होता आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग घेऊन पन्नास मुले काठावर उभी होती. त्या ओढ्याला पाणी दिवाळीपर्यंतच असते, हे गावातल्या कोणीही सांगितले असते.

खर्चाच्या पावत्या रोजच्या रोज कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे द्याव्यात. बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधींना आधी बोलू द्यावे. आपल्यासारखी वडीलधारी माणसे एकदा बोलली, की मुले केवळ माना डोलावतात.